न्हाणीघराच्या खिडकीची काच

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी आईचा कप बशीवर खडखडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "स्तब्ध!" मोठ्यानं नाही, रागानंही नाही. लॅबमध्ये दिवसभर म्हणते तसं, सवयीनं, वर्तमानपत्रातून डोकं न काढता. माझा नवरा बिस्किट चहात बुडवून तसाच थांबला आणि त्याचं अर्धं बिस्किट कपाच्या तळाशी गेलं. आईनं श्वास धरला. कप ओठांपासून वीतभर लांब, डोळे माझ्याकडे, आणि छाती अगदी थांबलेली. हात तेवढा थांबला नाही. तो गेली काही वर्षं कुणाचंच ऐकत नाही. चहा टेबलावर सांडला, थोडा तिच्या मनगटावरून कोपराकडे गेला. मग तिनं कप खाली ठेवला, फडक्यानं टेबल पुसलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "शनिवारी दादाकडे जाईन म्हणते." मी म्हटलं, अशी अचानक? तर म्हणे, "अचानक कसली? त्याच्याकडे तीन पोरं, एक कुत्रा आणि दिवसभर टीव्ही. तिथे माझ्या कपाकडे बघायला कुणाला वेळ आहे?" आणि हसली. ते हसणं वाईट. ती चिडली असती तर मी भांडले असते. भांडणात माझा हात कुणी धरू शकत नाही. पण हसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं हे मला आईनं कधी शिकवलंच नाही, कारण मग तिची पंचाईत झाली असती.

गाडी चालवताना मी स्वतःची बाजू मांडत होते, आणि समोरचा सिग्नल न्यायाधीशासारखा लाल होऊन बसला होता. मुद्दाम थोडंच म्हटलं? तो आमच्या लॅबचा शब्द. आम्ही तळघरात बसून लेसरच्या उजेडात चित्रं घेतो, पण साधी नव्हेत. एकाच उजेडाचे दोन भाग करायचे. एक भाग वस्तूमधून जाऊन येतो, दुसरा काहीच न बघता सरळ येतो, आणि दोघं कॅमेऱ्यावर भेटले की बारीक बारीक रेघा उमटतात. त्या रेघांवरून संगणक हिशेब करून वस्तू उभी करतो, तिच्या खोलीसकट. होलोग्रामच तो, फक्त पूर्वी फिल्मवर घ्यायचे, आम्ही कॅमेऱ्यावर घेतो. रेघा इतक्या नाजूक की टेबल नुसतं शहारलं तरी पुसल्या जातात. म्हणून टेबल हवेच्या पायांवर तरंगतं, आणि चित्र घेताना मी 'स्तब्ध' म्हणते की सगळे श्वास धरतात, 'विश्राम' म्हणते की सोडतात. शाळेतली कवायतच. माझ्यामागे मला स्तब्धाबाई म्हणतात, हे मला गणितवालीनंच सांगितलं. गणितवाली म्हणजे रेघांचं चित्र करणारा प्रोग्रॅम लिहिणारी माझी सहकारी. वयानं माझ्याहून लहान, आवाजानं मोठी, आणि श्वास धरायच्या वेळी हमखास उचकी लागणारी. तर त्या शब्दाला घरात शिरायला कुणी सांगितलं होतं? पण मी हे स्वतःला समजावत होते आणि मनगटावरून कोपराकडे जाणारा तो चहाचा ओघळ काही पुसला जात नव्हता. आई शनिवारी जाणार होती. ती जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि हे तिला सांगायला लागणारी दोन वाक्यं माझ्याकडे नव्हती.

वाक्यं नव्हती कारण डोक्यात रवा होता. लेसरचा उजेड फार शिस्तीचा. त्याच्या सगळ्या लाटा पावलाला पाऊल जुळवून चालतात, आणि म्हणूनच एकमेकींवर आपटतात. मग चित्रभर काळेपांढरे कण पसरतात, घट्ट तुपात असतात तसे. आम्ही त्याला रवा म्हणतो. आम्हाला बघायच्या होत्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागच्या पेशी. मरणोत्तर दान केलेले असे पडदे नेत्रपेढीत येतात, आणि कुणाला बसवायच्या आधी त्यात पुरेशा पेशी जिवंत आहेत का हे मोजावं लागतं. नेत्रपेढीच्या डॉक्टर सोमवारी येणार होत्या. त्यांना आम्ही पेशी दाखवायच्या ऐवजी रवा दाखवणार, अशी लक्षणं होती. रव्यावर रामबाण उपाय ठरलेला आहे. उजेडाच्या वाटेत एक खरखरीत काच धरायची, ती थोडी थोडी सरकवत पुष्कळ चित्रं घ्यायची आणि सगळ्यांची सरासरी काढायची. काच सरकली की रवा नव्या जागी पडतो, पेशी मात्र जागच्या जागी राहतात. रवा रव्याला खातो, पेशी उरतात. आमची काच मोटरवरच्या तबकडीत बसवलेली होती, आणि ती तबकडी हे माझं लाडकं बाळ. तिचे थांबे मी ठरवून दिले होते, आणि ती काल जिथे थांबली तिथेच आज थांबायची, केसाचा फरक नाही. पण चित्रं कितीही वाढवली तरी रवा एका पातळीखाली जायला तयार नव्हता. मी निदान केलं की कुठेतरी काहीतरी हलतंय.

मग मी हलणाऱ्या सगळ्या गोष्टींच्या मागे हात धुऊन लागले. पंखे बंद केले. लिफ्टला पाटी लावली, ती वाचून लोक जिन्यावरून धपाधप उतरायला लागले, तेव्हा जिन्यालाही पाटी लावली. चपला दाराबाहेर. मग बोलणं बंद. मग गणितवालीची उचकी. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तर मी इथे मान वर करून छताकडे बघायची, आणि हे घरीही सुरू झालंय हे मला कळलं नव्हतं. नवऱ्याला कळलं होतं. तो पोहायला शिकवतो, त्यामुळे श्वास कोण कधी धरतंय ते त्याला लांबूनच दिसतं. "तू जेवताना श्वास धरतेस," असं तो मला गेल्या महिन्यात म्हणाला होता, आणि मी त्याला तोंडात घास असताना बोलू नकोस म्हटलं होतं. गणितवालीनं तिच्या बाजूनं दुसरा उपाय केला. चित्र गुळगुळीत करणारा प्रोग्रॅम लिहिला. रवा गेला, सगळं कसं लोण्यासारखं मऊ दिसायला लागलं, आणि पेशींच्या कडाही त्या लोण्यात वितळल्या. मी म्हटलं, "चामखीळ गेली बघ." ती म्हणाली, "कुणाची?"

चामखिळीची गोष्ट आईची. मी लहान असताना आई एका फोटो स्टुडिओसाठी निगेटिव्हवर काम करायची. खिडकीशी एक उतरतं टेबल, त्यात चौकोनी भोक, भोकावर निगेटिव्ह, खाली आरसा. आरशातून उजेड वर यायचा आणि कुणाकुणाचे काळे चेहरे पांढऱ्या केसांनिशी उजळायचे. सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल घेऊन आई त्यांच्या गालांवरचे डाग, पुटकुळ्या, सुरकुत्या भरून काढायची, इतक्या हलक्या हातानं की पेन्सिल टेकते आहे की नुसती तरंगते आहे हे मला कळायचं नाही. टेबलाला हात लावायचा नाही, पाय हलवायचे नाहीत, शिंक आली तर बाहेर जायचं. मी तिच्या शेजारी तासन्‌तास बसून बघायची, आणि शेंगदाणे खाल्ले तरी चावायची नाही, चघळायची. स्तब्धतेचं बाळकडू मला तिथे मिळालं. एकदा एक वकील तरातरा घरी आले. "बाई, माझी चामखीळ कुठे आहे? कोर्टात मला लोक चामखिळीवरून ओळखतात!" आईनं निगेटिव्ह उजेडाला धरलं, जिभेच्या टोकावर बोट ओलं केलं, पेन्सिल पुसली आणि त्यांची चामखीळ त्यांना परत केली. त्यानंतर आमच्या घरात काहीही जास्त झालं की चामखीळ गेली म्हणायचे. भाजी जास्त शिजली, चामखीळ गेली. दादाचे केस न्हाव्यानं जास्त कापले, चामखीळ गेली. तो हात मला आठवतो. वहीत सरळ रेघ ओढायला मला पट्टी लागायची, तिला नाही. आणि गुरुवारी दुपारी, तळघरात, पेशींवरचा रवा बघत बसले असताना मला एकदम कळलं की मला त्याच हाताचा राग येतोय. जो नियम त्यानं मला लावला तो त्यानंच मोडला, म्हणून. हा राग किती बावळट आहे हे कळूनही तो गेला नाही, फक्त त्याच्या शेजारी लाज येऊन बसली.

शुक्रवारी आईनं बॅग भरली. मी मदतीच्या नावाखाली खोलीत घुटमळले. कपाटावर तो कप दिसला. झाकणाचा, तोटीचा, निळ्या प्लॅस्टिकचा. तिला सांडू नये म्हणून मीच मोठ्या प्रेमानं आणला होता. त्यात तिनं कंगवा आणि दोन पेन्सिली ठेवल्या होत्या. "हा घेऊन जा," मी म्हटलं. "कशाला? मला अजून दात आहेत," ती म्हणाली. नवरा दारात उभा होता. त्यानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, तुम्ही गेलात की माझी बाजू कोण घेणार?" आई म्हणाली, "जावईबापू, तुमची बाजू मी कधी घेतली?" "तेच म्हणतोय, आता तरी घ्या," तो म्हणाला. दोघं हसले. मीही हसले, पण मला माझं वाक्य सापडलं नाही. रात्री अंथरुणात मी ते शोधत होते. मनात आई जाऊ नये याची कारणं जुळवत होते, एकापुढे एक, जसा मी अहवाल लिहिते. डॉक्टर इथले चांगले. हवा इथली बरी. दादाच्या जिन्याला कठडा नाही. सगळी कारणं खरी होती आणि एकही खरं नव्हतं.

शनिवारी दुपारची गाडी होती. सोमवार तोंडावर, म्हणून सकाळी मला लॅबमध्ये जाणं भाग होतं. आई म्हणाली, "मलाही ने. इतकी वर्षं तू तिथे काय करतेस ते एकदा बघते आणि तशीच पुढे जाते." बॅग गाडीत ठेवली. दाराबाहेर तिनं चपला काढल्या, पाटी वाचली, जिन्याची पाटी आठवून मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "देवळापेक्षा कडक आहे गं." गणितवालीनं तिला स्टूल दिलं. मी आदल्या दिवशी तबकडी काढून ठेवली होती, कारण आता माझा संशय मोटरवर होता. मी टेबलाखाली डोकं घालून मोटरची वायर तपासत होते, आणि कॅमेरा ठीक आहे ना हे बघायला गणितवालीनं चित्रं घेणं आणि त्यांची सरासरी सुरूच ठेवली होती. वरून आईचा आवाज आला, "ही काय, न्हाणीघराच्या खिडकीची काच?" कपाटातली सुटी खरखरीत काच तिच्या हाती लागली असणार. मी खालून म्हटलं, "तीच म्हण." "ही कुठे लागते?" "त्या दोन खांबांच्या मधे. तांबडा उजेड जातो ना, तिथे." मी माहिती दिली होती, परवानगी नव्हे. पण जिनं अर्धं आयुष्य काचा उजेडात धरण्यात घालवलं तिला हा फरक कोण सांगणार?

"मॅडम!" गणितवाली ओरडली. "मॅडम, रवा!" मी वर येताना डोकं टेबलाला आपटलं. बघते तर आईनं ती काच दोन बोटांत धरून उजेडात घातली होती आणि कोपर टेकवला होता टेबलावर. माझ्या टेबलावर, ज्यावर मी रुमालसुद्धा ठेवू देत नाही. तिचा हात थरथरत होता, काच थरथरत होती. माझं तोंड उघडलं. शब्द जिभेच्या टोकावर होता, आणि आईनं तो माझ्या चेहऱ्यावर वाचला, कारण तिनं श्वास धरला, आणि ती हात मागे घ्यायला लागली.

"आजी, काढू नका!" गणितवाली किंचाळली. "हलवत राहा!"

"मी हलवत नाहीये गं," आई घाबरून म्हणाली, "तो आपला आपणच हलतो."

"मग हलू दे त्याला!"

मी संगणकाच्या पडद्याकडे बघितलं. रवा विरत होता. आधी चित्र दुधाळ झालं, मग त्यात कडा दिसायला लागल्या, एक कड दुसरीला मिळाली, तिसरीला मिळाली, आणि बघता बघता पडदाभर सहा बाजूंच्या पेशी अंगाला अंग लावून बसलेल्या दिसल्या, फरशा बसवाव्यात तशा. एखादी मोठी, एखादी चेपलेली, पण प्रत्येक आपल्या कडेसकट. चामखीळ जागच्या जागी. उचकी लागायच्या आत गणितवाली रडायला लागली, मग दोन्ही एकदम सुरू झालं. आई काच धरूनच म्हणाली, "या कुणाच्या घरातल्या फरशा?" मी म्हटलं, "डोळ्यातल्या." "कुणाच्या?" "माहीत नाही. कुणीतरी देऊन गेलंय." तिनं जरा वेळ बघितलं. "किती नीट घर आहे," ती म्हणाली.

मी खाली फरशीवर बसले आणि हसत सुटले. माझी तबकडी, माझं गुणी बाळ, ठरलेल्या थांब्यांवर थांबून एक फेरी पूर्ण करायची आणि मग ये रे माझ्या मागल्या, पुन्हा त्याच थांब्यांवर. पहिल्या फेरीनंतरची सगळी चित्रं म्हणजे तोच रवा त्याच जागी. त्याच चार माणसांना पुन्हा पुन्हा मत विचारायचं आणि गावाचं मत घेतलं म्हणायचं, असा माझा कारभार. आईचा हात मात्र एका जागी दोनदा जात नव्हता, आणि कॅमेरा एकेक चित्र पापणी लवायच्या आत टिपत असल्यामुळे त्या थरथरीनं एकही चित्र बिघडत नव्हतं. हलणारं काहीतरी शोधत मी लिफ्ट थांबवली, जिना थांबवला, माणसांचे श्वास थांबवले, आणि हवं होतं ते जास्त हलणं. काखेत कळसा, गावाला वळसा! आणि काखेतला तो कळसा मी आज दुपारच्या गाडीत बसवून द्यायला निघाले होते.

पण गंमत तिथे संपली नाही. गणितवालीनं डोळे पुसले, तबकडी परत बसवली आणि तिला वाट्टेल तसं भटकायला लावणाऱ्या चार ओळी लिहून टाकल्या. एकदा थांबली तिथे पुन्हा थांबायचं नाही. थोड्या वेळात चित्र आलं, आईच्या चित्राइतकंच स्वच्छ, खरं तर थोडं जास्तच. आम्ही टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या. तिच्या टाळ्या जरा जास्त वेळ वाजत राहतात. मग ती म्हणाली, "म्हणजे माझी नोकरी गेली," आणि हसली. ते गुरुवारचंच हसणं होतं. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण मधे टेबल होतं आणि टेबलाभोवती मी स्वतःच आखलेली पिवळी रेघ. मी ती ओलांडून गेले.

दुपारी आम्ही दोघी गाडीतून निघालो. स्टँडकडे वळायचा चौक आला, मी वळले नाही. आई म्हणाली, "अगं, वळण गेलं."

"माहीत आहे."

"गाडी चुकेल."

"चुकू दे. आई, जाऊ नकोस."

"का?"

इथे कारण द्यायचं असतं. रात्री जुळवलेली सगळी कारणं, डॉक्टर, हवा, कठडा, रांगेत उभी होती. दोन तासांपूर्वी विचारलं असतं तर सगळ्यांत भारी कारण होतं, की तुझ्या हाताशिवाय आमचं चित्र होत नाही. आता तेही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "मला करमणार नाही."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता, आणि शिडी खाली दुसऱ्यानं धरली होती. ती म्हणाली, "तुझ्या कपबश्या फार नाजूक आहेत गं."

"फुटू देत."

"महाग आहेत."

"आई, फुटू देत म्हटलं ना!" मी ओरडलेच. आणि मग मला रडू आलं, सिग्नलला, चारी बाजूंनी लोक बघत असताना. आईनं तिचा हात माझ्या स्टिअरिंगवरच्या हातावर ठेवला. तो थरथरत होता, आणि मला पहिल्यांदाच तो थांबावा असं वाटलं नाही. मागच्यानं हॉर्न दिला. "हिरवा झाला," आई म्हणाली, "रडणं पुढे नेऊन रड." रात्री दादाचा फोन आला, कुत्रा वाट बघतोय म्हणून. आईनं त्याला सांगितलं की तिची नोकरी लागली होती आणि त्याच दिवशी गेली, पण घरमालकीण खोली सोडू देत नाही.

सोमवारी डॉक्टर आल्या. त्यांनी चष्मा काढला, पडद्याजवळ गेल्या, बोटानं पेशी मोजायला लागल्या आणि मोजत राहिल्या. शेवटी "मोजता येतात," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडी हे म्हणजे आरती ओवाळल्यासारखंच. मी लिफ्टची पाटी काढली. जिन्याची ठेवली, ती लोकांना आवडायला लागली आहे.

मंगळवारी सकाळी चहाला आम्ही तिघं. चांगल्या कपबश्या मीच मुद्दाम काढल्या होत्या. आईनं कप उचलला आणि तो बशीवर खडखडला. नवऱ्यानं बिस्किट घाईघाईनं तोंडात टाकलं. मी वर्तमानपत्रातून मान वर केली, आणि मी काही बोलणार, म्हणजे मी चांगलंच काहीतरी बोलणार होते, तोच आई कप हातात धरून जोरात म्हणाली, "स्तब्ध!"

आम्ही दोघांनी श्वास धरला. ती अजिबात घाई न करता चहा प्यायली. कप दातांवर वाजला, बशीवर वाजला, थोडा चहा टेबलावर सांडला, तिनं तो सांडू दिला. मधेच थांबून तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. एक घोट, मग आणखी एक. नवऱ्याचे गाल फुगले, तो तर पाण्याखाली राहणारा माणूस, पण हसू दाबताना त्याचंही काही चालेना. माझ्या कानात रक्त वाजायला लागलं. शेवटचा घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला, ओठ पुसले, आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघून घेतलं.

"विश्राम," आई म्हणाली.